पांढऱ्यावरची पांढरी पानं

जून २००९, सोमवार, सकाळी साडेदहा. आमचा रत्नागिरीतला फोटो स्टुडिओ.
हजर: मी, आमचे हे, आणि बाई.
गैरहजर: साडीवरचं भरतकाम.

बाई म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका. ह्यांना चौथीत त्यांनीच शिकवलं होतं. मे महिन्यात मंडणगडजवळच्या त्यांच्या गावी त्यांच्या मुलीचं लग्न झालं. बौद्ध पद्धतीचं लग्न, म्हणून नवरीची साडी पांढरी. त्या साडीच्या पदरावर आणि काठावर बाईंनी आठ महिने बसून पांढऱ्याच दोऱ्याने पिंपळपानं भरली होती. तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. निम्मं काम बोटांनी चाचपून केलेलं. लग्नानंतर डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पण तोवर साडी नेसून मुलगी नागपूरला गेली होती. आपण काय भरलंय ते बाईंनी धड पाहिलंच नव्हतं. म्हणून डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, अल्बम पाहायला.

त्यांनी पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, मग सगळी उलटली.

"काय गो, ही साडी कोणाची?"

"तुमच्याच मुलीची, बाई."

"माझ्या मुलीच्या साडीवर पानं होती. ही तर धुवून वाळत घातलेली चादर आहे."

मी भिंग आणलं. भिंगातूनही चादरच दिसली.

आमच्याकडे कामाची वाटणी अशी आहे: फोटो मी काढते, संगणकावरचं काम हे करतात. मध्ये बोलणं फारसं नसतं, चिठ्ठ्या असतात. मी प्रत्येक कामाची यादी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर करते. मंडणगडच्या यादीत सातव्या क्रमांकावर स्पष्ट लिहिलं होतं: "अंगणात हायलाइट संरक्षण चालू." खाली जांभ्याचं अंगण, वर मे महिन्याचं ऊन आणि मध्ये पांढरी साडी, तेव्हा ते चालू करायलाच हवं होतं. चालू केल्याची खूणही केली होती. चिठ्ठी मात्र कॅमेऱ्याच्या पिशवीत राहिली. हे म्हणतात की माझ्या चिठ्ठ्या ते वाचतात. भाजीच्या वाचतात.

या सेटिंगचं काम साधं आहे. कॅमेरा मुद्दाम एक पायरी कमी उजेड नोंदवतो, म्हणजे पांढऱ्याला वर जागा राहते. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ कच्ची नोंद, त्यामुळे काळसर असते. ती कशी उजळायची याची टीप कॅमेरा फाइलमध्येच ठेवतो: सावल्या वर उचला, पांढऱ्याला हात लावू नका. कॅमेऱ्याबरोबर आलेला प्रोग्राम ती टीप वाचतो. ह्यांचा आवडता प्रोग्राम दुसऱ्या कंपनीचा, आणि त्याला ती वाचता येत नव्हती. म्हणजे माझी टीप ह्यांनी वाचली नाही आणि कॅमेऱ्याची ह्यांच्या प्रोग्रामने.

ह्यांना पडद्यावर सगळं लग्न काळोखात दिसलं. त्यांनी मला विचारलं नाही. बायकोची चूक गुपचूप सुधारावी, असा चांगला विचार करून त्यांनी सगळे फोटो सरसकट एक पायरी उजळले. कॅमेऱ्याने राखलेली पानं त्या एका पायरीत पुसली गेली.

"अहो, मला विचारायचं नाही का?"

"तुला वाईट वाटलं असतं."

बाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. "चौथीतही असाच होतास रे. गणित न वाचता उत्तर लिहायचं. अक्षर तेवढं छान."

"बाई, रॉ फाइली आहेत अजून," हे म्हणाले.

"आहेत म्हणजे पानं आहेत?"

"असावीत," मी म्हटलं.

"असावीत नको. बघून सांग. मी बसत्ये."

फाइलींच्या दोन डीव्हीडी माझ्या कपाटात, क्रमांक घालून ठेवलेल्या होत्या. कॅमेऱ्याबरोबर आलेली सीडीही सापडली, न फोडलेल्या पाकिटात. ते ह्यांनी फोडलं. प्रोग्राम बसायला अर्धा तास लागला, तेवढ्यात बाईंचा दोनदा चहा झाला. मग अंगणातला पहिला फोटो उघडला. चेहरे उजळ होते. मांडवाच्या सावलीत बसलेला नवरीचा मामा थोडा रवाळ दिसत होता, कारण सावली वर उचलली की दाणे दिसतात. त्यावर मामाने पुढेही कधी तक्रार केली नाही. आणि पदरावर पानं होती.

बाई पडद्याला नाक लावून बसल्या. बोट ठेवून मोजू लागल्या. बाराव्या पानावर थांबल्या.

"हे उलटं पडलंय."

"एवढं कोणाला कळत नाही, बाई."

"मला कळतं ना." पण त्या हसत होत्या, आणि पुढची मोजत होत्या.

मग म्हणाल्या, "आता तो काढ. मी तिचा पदर नीट करत्ये तो."

तो फोटो घरातला. घरात अंधार होता, तिथे दाणे नकोत म्हणून मी सेटिंग बंद केलं होतं आणि फ्लॅश मारला होता. यादीत आठवा क्रमांक: "घरात बंद." त्यालाही खूण होती. दोन्ही प्रोग्रामांत फोटो उघडला, उजेड खाली ओढला, वर ओढला. बाईंचे हात उत्तम आले होते. हातातला पदर कोरा होता. फाइलीतच काही नव्हतं. उजेड सांडून गेला की तो मागून भरता येत नाही.

हे मला बोलले असते तरी चाललं असतं. त्यांचे चाळीस फोटो दुरुस्त झाले होते, माझा एक होणार नव्हता, आणि बाईंना तोच हवा होता.

"माझे हात आणि पानं एका फोटोत हवीत," बाई म्हणाल्या. "मुलगी साडी घेऊन येईल तेव्हा परत काढ."

"काढते."

अल्बम नवा करून दिला. मधलं एक पान त्यांनी मुद्दाम रिकामं ठेवायला सांगितलं. त्यानंतर मुलगी दोनदा येऊन गेली. एकदा साडी आणायला विसरली, एकदा आम्ही दाभोळला दुसऱ्या लग्नात होतो. मंडणगडची यादी अजून कॅमेऱ्याच्या पिशवीतच आहे. तिच्या तळाशी मी त्या दिवशी एक ओळ वाढवली: "बाईंचे हात, पदर, खिडकीचा उजेड, फ्लॅश नाही, संरक्षण चालू." शेजारी ह्यांनी सही केली आहे, वाचल्याची. खूण व्हायची आहे.