नळीचं तोंड खाली नको होतं

मला अजून राग येतो, म्हणून लिहिते. हे कुणाला दाखवायचं नाही.

आम्ही ऊसतोडीला जाणारी माणसं. मी चौथी झाले आणि आईबापांनी मला फडावर नेलं, तिथं माझी शाळा संपली. माझी मुलगी चौथीत गेली त्या वर्षी आमच्या घरी जीप आली. बैलजोडी विकून घेतलेली, जुनी, डिझेलवरची. तेव्हा गावोगाव अशा जीपा निघाल्या होत्या. आमची गावातून अंबाजोगाईला माणसं न्यायची. माझे मालक, पोरीचे वडील, चालवायचे, आणि भाया, म्हणजे माझे मोठे दीर, पुढच्या सीटवर बसून माणसं भरायचे. मी मनात एकच धरून होते. जीप चालली तर यंदा कोयत्याला जायचं नाही, आणि पोरगी शाळेत राहील.

पण जीप चढाला दम टाकायची. काळा धूर सोडायची. अंबाजोगाईचा मिस्तरी आमच्या अंगणात आला, बोनट उघडलं, म्हणाला, "इंजनाला हवा गरम भेटतीय. थंड पाहिजे." त्यानं दोन नळ्या दाखवल्या. एक आखूड, वीतभर, बोनटाच्या आत वरच बसणारी. दुसरी लांब, इंजनापासून खाली जाऊन बंपरच्या मागं तोंड काढणारी.

"आखूड बसवली तर आवाज झकास, पण हवा बोनटातलीच. लांबडी खालची थंड हवा वढती. पुण्याकडच्या नव्या गाड्यांना आता अशीच असती."

"मग लांबडीच ठोक बे," भाया म्हणाले. "आपली काय कमी हाय का पुण्यापेक्षा?"

लांब नळी बसली. जीप चढ चढायला लागली, हे खरं आहे. मी खोटं कशाला लिहू?

आठवड्यानं मी जीप पुसत होते. तिचा सेल्फ कमजोर होता, एकदा बंद केली की चार माणसांनी ढकलायची, म्हणून मालक इंजन चालूच ठेवायचे. मी बंपरखाली ओलं फडकं फिरवलं आणि त्याचं टोक नळीनं आत ओढलं. मी हिसकून काढलं. तेवढ्यात फडक्यातलं पाणी आत गेलं असेल, इंजन ठसकलं. मी तिथंच उकिडवी बसून राहिले. एका फडक्याच्या पाण्यानं ठसका लागतो, तर नदी उतरताना काय होईल? आमच्या रस्त्याला पूल नव्हता. पावसाळ्यात पोटरीभर पाणी असायचंच.

सकाळी चहा देताना मालकांना सांगितलं. "ती नळी वर घ्या. खालचं पाणी वढंल."

"इंजनातलं तुला काय कळतंय? चौथी शिकली तू."

ते स्वतः सातवी नापास. पण हे मी बोलले नाही.

भायांशी आम्ही सुना बोलत नाही. त्यांच्या पुढ्यात उभंही राहत नाही. काही सांगायचं तर सासूच्या तोंडून. मी सासूला सगळं नीट समजावलं आणि दाराआड थांबले. सासू बाहेर जाऊन म्हणाली, "आरं, धाकटी म्हणती जीप पाणी पिती."

"पिऊ दे की," भाया म्हणाले. "बैल न्हाई का पीत?"

सगळे हसले. मालक सगळ्यांत मोठ्यानं हसले. मी दाराआड पदर चावत उभी. माझं एवढं मोठं सांगणं उंबरा ओलांडेपर्यंत असं झालं होतं.

मग पोळा आला. बैल विकलेले, दावणीला काही नाही. भाया म्हणाले, आपला बैल म्हणजे जीप. आदल्या दिवशी खांदमळणीला बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, ते बोनटाला चोळलं. पोळ्याला दिव्यांना बेगड लावली, आरशांना गोंडे बांधले आणि बैल धुतात तशी जीप धुवायला नदीवर काढली. गाव हसत मागं निघालं. बायकाही बघायला आल्या. मीही गेले.

उतारावरून जीपचं नाक पाण्यात गेलं. इंजन चालूच. पाणी चाकाच्या निम्म्यावर आलं.

"अजून आत घे," भाया म्हणाले. "बैलाचं पोट भिजायला पाहिजे."

बंपर पाण्याला टेकायला आला होता. मला ओरडता आलं असतं. पण पुढच्या सीटवर भाया, काठावर सगळं गाव. सुनेनं भायांसमोर आवाज काढला असं झालं असतं. मी तोंड उघडलं आणि पदर आत कोंबला. त्यांचा राग येतो त्याहून जास्त मला माझ्या त्या पदराचा राग येतो.

बंपर पाण्याखाली गेला आणि बोनटाच्या आत खाडकन वाजलं. जीप थांबली.

मालकांनी परत चावी फिरवली. मग माणसं लावून ढकलली, गिअर टाकून झटका दिला. इंजनाचं जे राहिलं होतं तेही तेव्हा गेलं. मिस्तरीनं इंजन खोललं. आतली दांडी वाकली होती आणि ब्लॉक फुटला होता. "नदीत बुडवायला मी सांगितलं होतं का?" तो म्हणाला आणि हात पुसत निघून गेला.

आणि भाया? ते सासूला म्हणाले, "तिला इचार, कावून बोलली अशी? चांगल्या गाडीला अपशकुनी तोंड लावलं तिनं. बोलली म्हणून झालं."

सासूनं मला तसंच येऊन विचारलं. मालक शेजारी बसून होते. चहा पीत ऐकत होते.

दसऱ्याच्या आधी ऊसतोडीचा मुकादम आला. मालकांनी एक कोयता ठरवला, म्हणजे ते आणि मी, नवराबायकोची जोडी. भाया म्हणाले, "पोरगीबी न्या, मोळ्या बांधू लागंल." तेव्हा मी बाहेर आले. डोक्यावर पदर होता, पण तोंडात नव्हता.

"पोरगी येणार न्हाई. धर्मापुरीला माझ्या आईकडं राहील, तिथल्या शाळेत जाईल."

"सुनेला तोंड फुटलं वाटतं," भाया सासूकडं बघून म्हणाले.

"माझ्याशी बोला," मी म्हणाले. "मी इथं उभी हाय. गाडी तुमी बुडवली. त्यात माझी पोरगी न्हाई बुडू देणार."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिला दप्तरासकट सोडून आले. तिची चौथी तिथंच झाली, पुढचंही झालं. पण सहा महिने तिचं तोंड दिसलं नाही, ते कुणी भरून दिलं नाही.

कारखान्याला जाताना ट्रकात भांड्याकुंड्यांवर सगळे बसलो होतो. शेजारच्या गावचा एक गडी मालकांना म्हणाला, मलाही जीप घ्यायची आहे, काय काय बघावं?

मालक पुढं सरकून बसले. "एक ध्यानात ठेव," म्हणाले. "हवेची नळी आखूडच बसव, वर. लांबडीचं तोंड खाली असतंय, ती पाणी वढती. आपल्याकडं नदी-नाले. लोकांना हे कळत न्हाई."

गडी म्हणाला, "तुमाला लई माहिती हाय राव."

मी कोयता मांडीवरून उचलून माझ्या आणि मालकांच्या मध्ये ठेवला आणि तोंड फिरवून बसले.