दातांच्या दवाखान्यातल्या टँकवरचा ओरखडा

तो ओरखडा मिलिंदने पाडला नव्हता.

मी पाडला होता.

मिलिंदला जाऊन आज एक वर्ष झालं. गेल्या वर्षी याच दिवशी मी हात जोडलेली इमोजी टाकून मोकळा झालो होतो. ती पोस्ट आज डिलीट केली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उमरखेडात मी आणि मिलिंद मिळून लोकांचे अ‍ॅक्वेरियम साफ करायचो. दवाखाने, हॉटेलं, दोन-चार बंगले. मी कोणाकडे शिकलो नाही. स्वतःचे टँक खराब करून करून शिकलो. मिलिंदला मी शिकवलं, हे मी सगळ्यांना सांगत फिरायचो.

काचेवरचं शेवाळ ब्लेडने खरवडलं तरी चालतं. अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, त्याला ओरखडा पडायला वाळूचा एक कण पुरतो. फडकं मऊ हवं, आणि वेगळ्या बादलीत धुतलेलं. शेवाळ चिकट असेल तर जुन्या प्लास्टिक कार्डाची कड, तीही आडवी धरून. तळाच्या वाळूपासून चार बोटं वर थांबायचं.

आणि हात पाण्यात घालण्याआधी घड्याळ, कडं, अंगठी बाहेर.

हे नियम माझे. मिलिंदने ते एकदाही मोडले नाहीत.

मी मोडायचो. माझ्या डाव्या हातात ज्योतिषाने दिलेली खड्याची अंगठी होती. एक मिनिटही काढायची नाही म्हणून बजावलं होतं. सैल होती. पाण्यात फिरायची आणि खडा तळहाताकडे यायचा.

"काढ ना बे ते," मिलिंद म्हणायचा. "टँक तुह्या खड्यानं साफ होते का आपल्या हातानं?"

"तू बादली पाह्य. माहा हात सरावाचा हाय."

चार वर्षांपूर्वी दातांच्या दवाखान्यातल्या मोठ्या अ‍ॅक्रिलिक टँकवर वीतभर ओरखडा निघाला. आतून, अगदी समोर. आदल्या दिवशी आम्ही दोघांनीच तो साफ केला होता. डॉक्टरांनी पेशंटसमोर विचारलं, "हे कोणी केलं?"

मी मिलिंदकडे पाहिलं.

"काहून बे, वाळूचं फडकं फिरवलं ना?"

"मी नाही केलं."

"मग काय मासोळीनं केलं?"

वेटिंगमधले लोक हसले. गाल सुजलेला एक माणूस, तोही हसला.

मिलिंदने माझ्या हाताकडे पाहिलं, बादली उचलली आणि बाहेर गेला. मला वाटलं, चोर सापडला.

संध्याकाळी मी जिल्ह्यातल्या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं: ज्याला काच आणि अ‍ॅक्रिलिक यातला फरक कळत नाही, अशा माणसाला टँकला हात लावू देऊ नका. खाली मिलिंदचं नाव. नंबरसुद्धा.

कोणी लावू दिला नाही.

तो ढाणकीला गेला. मार्केटात पोती उचलू लागला. जो माणूस फडकं तीनदा धुवायचा, त्याच्या हातात मी हमालाचा हूक दिला.

डॉक्टरांनी तेव्हा माझंही काम बंद केलं होतं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी मला परत बोलावलं. टँक हिरवा झाला होता. वरवरचं पुसलं तरी एक रेघ हिरवीच राहिली. ओरखड्यात शेवाळ घट्ट बसतं, म्हणून तो पहिल्यांदाच नीट दिसला. खालून वर, वळत गेलेला.

मी हात आत घातला. हात आपोआप त्या रेघेवरूनच गेला. खडा खाचेत अडकत अडकत गेला.

मिलिंद उजव्या हाताने पुसायचा. त्याचा हात उलट्या बाजूला वळायचा.

डावरा मी आहे.

अंगठी तिथेच काढली. चार वर्षं उशिरा.

मागच्या आठवड्यात ढाणकीला गेलो. मिलिंदच्या घरी. वंदनावहिनी 'बसा' म्हणाल्या नाहीत.

"वहिनी, तो ओरखडा माहा होता."

"माहीत हाय. त्याच दिवशी सांगलं त्यायनं. म्हणे, त्याच्या अंगठीचा हाय. त्याच्या ध्यानात आलं का फोन करंन."

"मग त्यानं बोलायचं ना!"

"बोललेच ना ते. 'मी नाही केलं' म्हणाले. तुमी आयकलं का?"

मी हात जोडायला गेलो.

"इथं कायले जोडता? चार लोकाइत नाव खराब केलं. चार लोकाइतच सांगा."

म्हणून हे इथे. सकाळी त्या ग्रुपवरही टाकलं आहे. दोघांनी अंगठ्याची इमोजी टाकली. एकाने विचारलं, "भाऊ, अ‍ॅक्रिलिकचा ओरखडा जातो का?"

जातो. पाणी काढायचं, बारीक पॉलिश पेपर ओला करून धीराने घासायचं, शेवटी पॉलिश मारायचं. परवा मी तो घालवला. मिलिंदने त्याच दिवशी घालवून दिला असता, मी ओरडायच्या ऐवजी विचारलं असतं तर.

मिलिंद, फोन उचलला की तू 'जय भीम' म्हणायचास.

मी म्हणायचो, "हं, बोल."

आज मी आधी म्हणतो.

जय भीम, मिलिंद. तुझा हात साफ होता.