औषधाची चिठ्ठी

पडदा वर गेला की दिसावं तसं दृश्य: पिवळट भिंतींची खोली, कडेनं खुर्च्यांवर वीस नवे डॉक्टर, आणि मधोमध स्टुलावर गळ्यात दुपट्टा टाकून बसलेले शालिकराम. बाहेर नागपूरचं ऊन रणरणत होतं. आत कूलर नुसता आवाज करत होता.

शालिकराम चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होते. निवृत्त होऊन सक्करदऱ्याला घरी बसले, तर एका मेडिकल कॉलेजनं बोलावून घेतलं. ही पोरं परवा, सोमवारी, निवासी डॉक्टर म्हणून वॉर्डात उभी राहणार. मृत्यूची बातमी कशी सांगायची, याचा आज सराव होता, आणि शालिकरामांनी नातेवाईक व्हायचं होतं. आज ते बाप होते. बावीस वर्षांचा मुलगा अश्विन, अपघात, दहा मिनिटांपूर्वी गेलेला.

समोर काटोलची उन्नती आली. वर्गातली सगळ्यांत हुशार. प्रकृती फार गंभीर होती, म्हणाली. आम्ही शर्थ केली, म्हणाली.

शालिकरामांनी हात पुढे केला. "चिठ्ठी द्या मॅडम. कोनतं औषध आनू?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. उन्नतीनं पुन्हा सुरुवात केली. शरीर साथ देईना, असं काहीतरी. पुन्हा तोच हात पुढे. तिसऱ्यांदा हात पुढे आला, तसं सवयीनं तिच्या खिशातून पेन निघालं आणि मेलेल्या पोरासाठी तिनं इंजेक्शन लिहून दिलं.

आता कोणी हसलं नाही.

असा एक बाप शालिकरामांनी खरा पाहिला होता. इंजेक्शन घेऊन धापा टाकत जिना चढून आला, तेव्हा पोराच्या तोंडावर चादर ओढून झाली होती. ओढली होती शालिकरामांनीच. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. लवकर द्या म्हणत त्यानं इंजेक्शनची बाटली त्यांच्याच हातात ठेवली होती.

शिकवणाऱ्या अस्मिता मॅडम थांबायची खूण करत होत्या. शालिकरामांनी तिकडे पाहिलं नाही. चिठ्ठी मुठीत धरून, गुडघे सावरत ते दाराबाहेर गेले. व्हरांड्यात ते थांबले. पोरीला फार ताणलं का आपण? पण परवा तिच्यापुढे खरा बाप असला तर?

ते वळले. धापा टाकत आत आले आणि चिठ्ठीची तीच मूठ तिच्यापुढे धरली. "आनलं, मॅडम. लवकर द्या."

उन्नतीनं ती मूठ दोन्ही हातांत घेतली. त्यांना स्टुलावर बसवलं, स्वतः समोर जमिनीवर बसली.

"काका, इंजेक्शन नाही लागत आता. तुमचा अश्विन वारला."

शालिकरामांची मान खाली गेली. उन्नतीचे खांदे सैल झाले. सुटले एकदाची, असे. तेवढ्यात त्यांनी डोळे वर केले.

"त्याची माय खाली बाकावर बसून आहे. तिले कोन सांगन वं, पोरी?"