अण्णांच्या चंद्रावरचा डाग

घरी जेवायला आलेल्या पाहुण्याला अण्णा आधी परसातल्या दुर्बिणीशी उभं करायचे आणि मगच ताटावर बसवायचे. अण्णांच्या आणि माझ्या परसामधली भिंत सामाईक, त्यामुळे हा दरबार मला वरचेवर फुकटात पाहायला मिळे. अण्णा एका पतसंस्थेचे माजी अध्यक्ष. खुर्ची गेली, पण समोर चार माना डोलल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. म्हणून दुर्बीण आणली.

आकाशातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. कागलच्या दिशेचा एक लाल ठिपका त्यांनी अख्ख्या गल्लीला मंगळ म्हणून दाखवला. मी भिंतीवरून म्हणालो, "अण्णा, मोबाईलच्या टॉवरचा दिवा हाय त्यो."

"तुला कोण इचारलंय? आमी दाखवतोय ते बघायचं!"

माझं बोलावणं बंद झालं, आणि त्यांच्या बायकोच्या, काकींच्या हातचा पांढरा रस्साही. बाकीच्यांनी मंगळ पाहिला आणि रस्सा वाट्या भरभरून ओरपला.

एका संध्याकाळी अण्णांना चंद्रावर काळा डाग दिसला. नेहमीचे डाग नव्हेत. हा मधोमध, गच्च काळा. शिवाय डोळा फिरवला की तोही फिरे. "फिरतोय म्हंजे वस्तूच हाय की ही!" त्यांनी जाहीर करून टाकलं. पाहुण्यांची रांग लागली. एकेक जण डोळा लावी, आतून येणारा मटणाचा वास घेई आणि म्हणे, "व्हय की अण्णा! केवढा डाग!" एकानं तर त्याला शेपूटही लावलं. इतकी लाचार माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

शेवटी काकी पदराला हात पुसत आल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "मला न्हाय बाई दिसत काय. तुमी आदी डोळं दाखवून या जावा."

"एवढ्या लोकास्नी दिसतंय ते खोटं व्हय? तू भाकऱ्या बघ."

महिने गेले. डाग पेपरवर दिसू लागला, भाकरीवर दिसू लागला, तेव्हा कुठे अण्णा डॉक्टरकडे गेले. उजव्या डोळ्याचा पडदा कामातून गेला होता. लवकर आले असते तर डोळा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. दुर्बिणीवर गोणपाट पडलं. मला कीव यायला हवी होती, पण रागच आला. होयबा त्यांनीच पोसले होते.

गेल्या वर्षी अण्णा वारले. बाराव्याच्या जेवणाला तीच मंडळी पंगतीत. शेपूटवाला शेजारच्याला सांगत होता, "अण्णांचा शोध जगानं मानला न्हाय. पण डाग आमी डोळ्यानं बघितलाय."

आमटी वाढणाऱ्या काकी थांबल्या. "पावणं, डाग चंद्रावर न्हवता, त्यांच्या डोळ्यात हुता. तवा खरं बोलला असता, तर डोळा ऱ्हायला असता त्यांचा."

त्यानं मान खाली घातली आणि वाटी पुढं केली.