चार बोटं खाली

माझा धाकटा दीर गॅरेजवाला. आपल्या जुन्या, छत मागं दुमडणाऱ्या गाडीच्या स्प्रिंगा कापून त्यानं ती चार बोटं खाली बसवली आणि आम्हाला मिरवायला काढलं. सासूबाई पुढं, मी मागं. पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट अडकलं.

"वहिनी, जरा उतरता का? वजन कमी झालं की निघेल."

मी तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच उतरले. सासूबाईंना मात्र त्या खोल सीटमधून दोन्ही हातांनी ओढून काढावं लागलं. समोर त्याचीच गिऱ्हाइकं उभी होती. त्याची मान वर होईना. माझाही पट्टा थांबला.

गाडी पलीकडे नेऊन त्यानं दार उघडून धरलं.

गुडघे चोळत सासूबाई म्हणाल्या, "राहू दे रे. पुढचा स्पीडब्रेकर दिसतोय की. तिथपर्यंत चालतेच मी."