ब्रूखहाइमचा गोलकीपर
गिडियन नवगावकर जर्मनीत ब्रूखहाइमच्या फुटबॉल टीमकडून खेळू लागला, तेव्हा लंडनच्या घरात त्याचं नाव घेणारं एकच माणूस उरलं होतं: त्याची थोरली बहीण एलिशेबा.

छपाईच्या मशीनचं ट्रेनिंग घ्यायला कंपनीने त्याला तिकडे पाठवलं आणि तो तिथेच रमला. तिथल्याच मुलीशी लग्न ठरवलं. वडील एलिजा मुंबईहून आलेले ज्यू, शनिवारचा शब्बाथ कधी न चुकवणारे. खालच्या मजल्यावर मिसेस रोझेन राहायच्या. त्याही ज्यू; लहानपणी नाझींच्या जर्मनीतून एकट्या सुटून आल्या होत्या. मागे राहिलेलं कुणीच वाचलं नव्हतं. "त्या बाईंपुढे मी कोणत्या तोंडाने उभा राहू?" एवढं म्हणून एलिजांनी मुलाशी बोलणं तोडलं.

हे १९८४ सालचं. फोन जिन्याखाली होता, दोन्ही मजल्यांना मिळून एक. रविवारी संध्याकाळी गिडियनचा फोन यायचा आणि वर एलिजा टीव्हीचा आवाज वाढवायचे. एलिशेबाला ऑफसाइड म्हणजे काय तेही कळत नव्हतं. पण भावाचा आवाज कानावर पडत राहावा म्हणून तिने लीगमधल्या गावांची नावं पाठ केली. लीग लहानशी, आसपासच्या गावांपुरती. आठवडाभर कारखान्यात राबणारी माणसं रविवारी बूट चढवायची. पावसात मैदान कसं निसरडं होतं, बचाव कसा ढिला पडतो, हे तो सांगत राहायचा. ती डोळे मिटून ऐकायची.

"पुढच्या रविवारी कोणाशी?" नोव्हेंबरात एकदा तिने विचारलं.

"एल्सफेल्डशी. त्यांच्या ग्राउंडवर."

"एल्सफेल्ड," तिने म्हणून पाहिलं. मिसेस रोझेनचं दार उघडलं. एलिशेबा फोन ठेवीपर्यंत त्या दारातच उभ्या राहिल्या.

"ते माझं गाव," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ कुर्ट त्याच मैदानावर खेळायचा. मग आम्हा ज्यूंना आत येऊ देईनासे झाले."

पुढच्या रविवारी त्या शाल गुंडाळून फोनपाशी येऊन बसल्या. ब्रूखहाइम तीन गोलांनी हरलं होतं, एल्सफेल्ड जिंकलं होतं. एलिशेबाने सांगताच त्यांचा चेहरा उजळला, आणि त्या उजळण्याची त्यांनाच इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

"त्या गावाचं भलं व्हावं असं मला कधीच वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "तरी बरं वाटलं बघ."

मग त्या जिना चढून वर गेल्या. "मिस्टर नवगावकर, मुलगा गोलकीपर आहे हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

एलिजांनी चहा ठेवला. तेव्हापासून दर रविवारी मिसेस रोझेन एलिशेबाबरोबर वर येऊन निकाल सांगू लागल्या. पाहुण्यासमोरून उठून जाणं एलिजांच्या रीतीत बसत नव्हतं. ते खाली मान घालून ऐकायचे.

वसंतात ब्रूखहाइम हरतच गेलं. मे महिन्यात खालच्या लीगमध्ये ढकललं गेलं. एलिजा कितीतरी वेळ चहा ढवळत राहिले.

"खालच्या लीगमध्येही गोलकीपर लागतच असेल ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"लागतो," मिसेस रोझेन म्हणाल्या. "जास्तच लागतो."

जूनमध्ये गिडियन एकटाच लंडनला आला. शुक्रवारी संध्याकाळी एलिजांनी शब्बाथचा आशीर्वाद म्हणायला किद्दुशचा, वाइनचा प्याला त्याच्या हातात दिला. मिसेस रोझेन त्याला एल्सफेल्डबद्दल विचारत राहिल्या: नदी, चर्चचा मनोरा, मैदानामागची पॉपलरची झाडं. पॉपलर अजून आहेत म्हटल्यावर ते किती उंच झालेत, ते त्यांनी विचारलं.

जुलै सरताना सराव सुरू व्हायचा होता. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनात हार्विच बंदरावर बोटीला पोहोचवणारी गाडी लागली.

"अजून थोडा राहा ना," एलिशेबा म्हणाली.

"ताई, माझं घर तिकडे झालंय आता."

"माहीत आहे मला."

गाडी सुटल्यावर ती बाकावर बसून राहिली. मग बस पकडून घरी आली. वर एलिजा आणि मिसेस रोझेन चहा न घेता तिची वाट पाहत होते.