वीतकाकूंची वीत

वीतकाकू कापड मारतात, अशी बातमी गेल्या वर्षी आमच्या गल्लीत फिरली. मी ती फक्त चार-पाच घरी सांगितली, बाकीचं काम बेकरीवालीनं केलं. पुरावा तसा सगळ्यांच्या अंगावरच होता. काकूंकडून शिवून आणलेला शर्ट काखेत काचायचा, आणि कोटाचं बटण लावायचं तर आधी श्वास सोडावा लागायचा. पण बातमी फार टिकली नाही. काकू उरलेलं कापड पुडी बांधून परत देतात, अगदी बोटभर चिंध्यासुद्धा, आणि हल्ली ती पुडी पूर्वीपेक्षा मोठी येत होती. चोर माल परत करतो, तोही वाढवून, असं कुठे ऐकलंय? इतकी छान बातमी, पण हातची गेली.

काकू माझ्या शेजारीण. आमची भिंत एकच, त्यामुळे त्यांच्या मशीनची घरघर आणि सासू-सुनेची बोलणी मला घरबसल्या मिळतात. रस्त्याकडच्या खोलीत दुकान. खिडकीशी काकूंचं मशीन, दाराशी सुनेचं, आणि मध्ये कापड बेतायचं भलंमोठं टेबल. सुनेकडे टेप आहे, पण तो खणात, कात्रीच्या खाली. सासूसमोर काढायची सोय नाही. काकू मोजतात हातानं. पंजा ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत एक वीत, आणि वर उरेल ते बोटांत. एके काळी सगळं जग असंच मोजायचं, बोट, वीत, हात. मग मीटर आला, दुकानादुकानांतल्या पट्ट्या बदलल्या, त्यांच्यावर सरकारी शिक्के बसले. काकूंना मात्र कुणी कळवायला आलं नाही.

लहान मुलांचं माप त्या दर खेपेला नव्यानं घेतात. मोठ्या माणसाचं एकदाच, आणि ते कायमचं डोक्यात. 'छाती पाच विती, बाही तीनला दोन बोटं कमी.' पुढे माणूस सुटला की वाळला ते दारातून आत येतानाच बघतात आणि मनातल्या मनात एखादं बोट वाढवतात नाहीतर कमी करतात. माझ्या बाबतीत कमी करायची वेळ अजून आलेली नाही.

तर चोरीची बातमी मेली आणि गल्लीनं दुसरा निष्कर्ष काढला. मुलांचे फ्रॉक आणि चड्ड्या तर बरोबर बसत होत्या. काकूंकडे पहिल्यांदाच आलेल्या नव्या भाडेकरूचा शर्टही बेतल्यासारखा बसला. घट्ट होत होते ते आम्हां जुन्या गिऱ्हाइकांचेच. म्हणजे आम्हीच जाड झालो होतो. मग काय विचारता. चहातली साखर गेली, लोणी गेलं. जी माणसं कोपऱ्यावर जायलाही स्कूटर काढायची, ती सकाळी हात हलवत झपझप चालायला लागली. बेकरीवालीचे केक काचेआड वाळायला लागले आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडे मारक्या म्हशीसारखी बघायला लागली.

हे प्रकरण उकललं काकांमुळे. काका म्हणजे काकूंचे यजमान, निवृत्त बस ड्रायव्हर, अंगानं छत्रीच्या दांड्याएवढे. एका सकाळी नवा शर्ट घालून ते चहाला बसले आणि पोटावरचं बटण तुटून बशीत पडलं.

"मीपण सुटलो वाटतं," काका म्हणाले. आवाजात जरा कौतुकच होतं.

"तुम्ही? वारा सुटला की मी तुम्हाला गच्चीवर जाऊ देत नाही, आणि म्हणे सुटलो. काढा तो शर्ट."

मग बराच वेळ भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही. इतकं शांत त्या घरात सहसा नसतं, म्हणून मी काडेपेटी मागायला गेलो. काकू काकांचा जुना शर्ट टेबलावर पसरून त्यावर वीत टाकत होत्या. परत टाकत होत्या. पाच विती भरायला हवा तो शर्ट पाचाच्या पुढे जात होता.

"धुऊन शर्ट आटतो, वाढत नाही," त्या म्हणाल्या. मग पंजा उजेडात धरला. करंगळी सांध्यात वाकलेली, अंगठा पूर्ण उघडत नव्हता. दर वितीमागे अर्धं बोट कमी झालं होतं. माप डोक्यात जुन्या हाताचं आणि कापड मोजायचं या हातानं, म्हणून जुनी गिऱ्हाइकं काचली. ज्यांचं माप नव्यानं घेतलं त्यांचं अंग आणि कापड दोन्ही याच हातानं मोजलेलं, म्हणून ती सुखात होती.

सुनेनं हळूच खण उघडला. "आई, आता घ्या ना टेप."

"आणि अख्खी गल्ली परत मोजू? माझ्या डोक्यात सगळे वितींत आहेत. टेप धरला की एकही माणूस माझ्या ओळखीचा राहणार नाही. त्यापेक्षा दुकान बंद करते."

हे त्या रागानं बोलल्या नाहीत, म्हणून सुनेनं खण परत लावून टाकला. काकांनी तेवढ्यात बटण उचलून खिशात टाकलं, तर खिसा नव्हताच, शर्ट काढलेला होता.

टेबलावर हात टेकून काकू तशाच उभ्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "सुतारदादांना बोलवा."

ते टेबल सुतारदादांनी केलेलं, दुकान उघडलं तेव्हा, काकूंचं लग्न व्हायच्या आधी. लांबी त्यांच्या तेव्हाच्या हातानं बरोबर आठ विती. दादा आले आणि म्हणाले, "आठवतं ना मला. बोटभर जास्त झालं म्हणून परत रंधा मारायला लावला होतात. मी तेव्हाच म्हटलं, हिच्या नवऱ्याचं अवघड आहे."

"खरंय," काका म्हणाले.

टेबलाच्या लांबीएवढा दोरा घेतला. निम्मा केला, परत निम्मा, परत निम्मा. उरली ती एक वीत. दादांनी तेवढी लाकडाची पट्टी कापून घासून दिली. संध्याकाळी काकू ती पट्टी घेऊन बेकरीत गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुम्ही कुणी जाड झालेला नाहीत. माझा हात आखडलाय. घट्ट झालेले कपडे आणून द्या, शिवणीत कापड सोडलेलं आहे, सैल करून देते. ज्यांना दुसरीकडे जायचंय त्यांनी जावं."

बेकरीवालीनं आधी त्यांना खुर्ची दिली आणि मग दोन केक विकले. दुसऱ्या दिवशी काकूंच्या दारात कपड्यांची रास पडली. दुसरीकडे कुणी गेलं नाही. माझा कोटही त्यात होता. तो उसवल्यावरही बसला नाही, पण तो विषय वेगळा.

सुनेनं गुपचूप पट्टीला टेप लावून बघितला आणि किती भरली ते मला सांगितलं. मी कुणाला सांगितलं नाही, यावर माझ्या घरात अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

परवा खिडकीतून डोकावलो तर काकू त्या पट्टीनं कापड बेतत होत्या. मला राहवलं नाही.

"काकू, शेवटी पट्टी धरलीतच. मग बिचाऱ्या सुनेच्या टेपनं काय घोडं मारलं होतं?"

दातातला दोरा तोडून त्या म्हणाल्या, "टेप कुणाच्या हाताचा आहे मला ठाऊक नाही. ही वीत माझी आहे. लग्नाआधीची आहे, एवढंच."